ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन : नकाशावर भारताएवढे अंतर आणि तिकिटावर एक तास चाळीस मिनिटे?

शाहूपुरीकर (सातारा)

नमस्कार. माझी पुतणी उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे भूशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेते. पुढच्या सत्रातील एका अभ्यासक्रमासाठी तिला स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगइयरब्येन या गावी जायचे आहे. तेथे 1993 साली सुरू झालेले विद्यापीठ केंद्र आहे आणि ध्रुवीय प्रदेशाचा अभ्यास करणारी मुले निरनिराळ्या देशांतून तेथे येतात. तिने विमानाचे तिकीट पाठवल्यापासून घरात जो वाद सुरू झाला आहे तो अजून मिटलेला नाही, म्हणून येथे जाणकारांना विचारतो आहे.

तिकिटावर सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळेत एक तास चाळीस मिनिटांचे अंतर आहे. वहिनींनी मोबाइलवर जगाचा नकाशा उघडून या दोन गावांमधील अंतराच्या खुणा कागदाच्या पट्टीवर करून घेतल्या आणि तीच पट्टी त्याच नकाशात भारतावर उभी ठेवली, तेव्हा ती कन्याकुमारीपासून काश्मीरच्या उत्तर टोकापर्यंत पुरली. भारताची दक्षिणोत्तर लांबी 3,214 किलोमीटर, हे तर आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पुण्याहून दिल्लीला जायला विमानाने दोन तासांहून अधिक वेळ लागतो आणि ते अंतर भारताच्या लांबीच्या निम्म्यापेक्षाही कमी आहे. मग हे विमान दीड-पावणेदोन तासांत कसे पोहोचते? दुबईच्या प्रवासात घड्याळ मागे करावे लागते, तसे काही येथे आहे काय, अशी बंधूंची शंका आहे.

दुसरे असे की, शोध घेतला असता एका ठिकाणी हे अंतर सुमारे 960, दुसऱ्या ठिकाणी 596 आणि तिसऱ्या ठिकाणी 518 असे दिसते. यांतले कोणते धरायचे? शिवाय लाँगइयरब्येनहून तिला पुढे छोट्या विमानाने नी-ऑलेसुंड येथे जायचे आहे. त्या दोन विमानतळांमधील अंतर किती, आणि तिकिटावरच्या वेळेवर कितपत विसंबून पुढचे नियोजन करावे, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

कृष्णाकाठ (सांगली)

वहिनींनी पट्टी अगदी बरोबर ठेवली आहे. फसवणूक नकाशाने केलेली आहे. मोबाइलवर आपण जो सपाट नकाशा पाहतो तो मर्केटरच्या पद्धतीचा असतो. मर्केटरने ही रचना 1569 मध्ये खलाशांसाठी केली. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाचा मार्ग त्यावर सरळ रेषेत काढता येतो, हा तिचा मोठा गुण. मात्र त्यासाठी विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितका नकाशा ताणत न्यावा लागतो. हा ताण किती, ते अक्षांशावरून काढता येते: साताऱ्याच्या अक्षांशावर तो 1.05 पट आहे, म्हणजे जाणवण्याइतकाही नाही. ट्रॉम्सोपाशी तो 2.9 पट होतो आणि लाँगइयरब्येनपाशी 4.9 पट. त्या दोन गावांमधला पट्टा सरासरी 3.7 पटींनी फुगलेला आहे आणि भारत जेमतेम 1.1 पटीने. आता 960 ला 3.7 ने आणि 3,214 ला 1.1 ने गुणून पाहावे. दोन्ही उत्तरे साडेतीन हजारांच्या थोडी पुढे, एकमेकांच्या अगदी शेजारी येतात. त्यामुळे पट्टी दोन्हीकडे सारखी पुरली यात नवल काहीच नाही. मी वर्गात हा विषय शिकवताना ग्रीनलंड आणि आफ्रिकेचे (नकाशात दोन्ही सारखे मोठे दिसतात, प्रत्यक्षात आफ्रिका कितीतरी मोठा) नेहमीचे उदाहरण देत आलो आहे. यापुढे वहिनींचे देईन, कारण ते कोणालाही घरच्या घरी करून पाहता येते.

खरे अंतर काढायला संगणकाचीही गरज नाही. ट्रॉम्सोचा विमानतळ 69.68 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि लाँगइयरब्येनचा 78.25 अंशांवर. फरक साधारण 8.56 अंशांचा. अक्षांशाचा एक अंश आपण ढोबळपणे 111 किलोमीटर धरतो, परंतु पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे तिकडे तो जरा लांब, म्हणजे 111.6 किलोमीटर भरतो. यावरून उत्तरेकडचे अंतर सुमारे 955 किलोमीटर आले. रेखांशांत साडेतीन अंशांचा फरक आहे, पण 74 अंश अक्षांशाच्या आसपास रेखांशाचा एक अंश अवघ्या 31 किलोमीटरांचा उरतो (साताऱ्याच्या अक्षांशावर तोच 106 किलोमीटरांचा असतो), त्यामुळे पश्चिमेकडचे सरकणे जेमतेम 106 किलोमीटर होते. आता पायथागोरस लावला की उत्तर 960 च्या आसपास येते. इतक्या उत्तरेला हे गणित सपाट कागदावरचे मानणे शास्त्रशुद्ध नाही, याची मला कल्पना आहे. पण येथे चूक एखाद-दुसऱ्या किलोमीटरची होते, आणि तेवढ्यासाठी गोलीय त्रिकोणमितीची तोफ बाहेर काढायला नको.

आपण दिलेले तिन्ही आकडे बरोबर आहेत. 960 हे किलोमीटर, 596 हे जमिनीवरचे मैल आणि 518 हे सागरी मैल. सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, आणि तो मुळात अक्षांशाच्या एका कलेवरून, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागावरून, आलेला आहे. त्यामुळे 8.56 अंशांना 60 ने गुणले की 514 सागरी मैल थेट मिळतात आणि उरलेले चार त्या पश्चिमेकडच्या सरकण्याचे. वैमानिक आजही हाच मैल का वापरतात, ते यावरून लक्षात येईल. घड्याळाच्या शंकेपुरते सांगायचे तर स्वालबार्डमध्ये नॉर्वेचीच प्रमाणवेळ चालते, तेव्हा तिकिटावरचा एक तास चाळीस मिनिटे हा खराखुरा वेळ आहे.

खणभाग

एक शंका विचारतो, चुकीची असल्यास सांभाळून घ्यावे. विमान उत्तरेकडे जात असताना खाली पृथ्वी पूर्वेकडे फिरत असते. मग विमान हवेत असेपर्यंत ते गाव पुढे सरकत नाही काय, आणि परतीच्या प्रवासाचा वेळ त्यामुळे बदलत नाही काय?

कोयनाकाठ (कराड, सध्या नोकरीनिमित्त परदेशी)

पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणात उडते, म्हणून पृथ्वीच्या फिरण्याने गाव पुढे निघून जात नाही. वेळेवर परिणाम होतो तो वाऱ्याचा, म्हणजे जमिनीच्या तुलनेत हवा ज्या वेगाने सरकत असते त्याचा. या मार्गाची दिशा जवळजवळ दक्षिणोत्तर आहे आणि वरच्या थरांतील वारे बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतात, म्हणजे ते जाताना आणि येताना आडवेच लागतात. मुंबई-लंडन प्रवासात जाण्याच्या आणि येण्याच्या वेळेत मोठा फरक पडतो, तसा येथे सहसा पडत नाही.

मी विमानांच्या उड्डाण-नियोजनाच्या कामात आहे, त्यामुळे एक तास चाळीस मिनिटांची फोड करून सांगतो. या मार्गावर चालणाऱ्या बोइंग 737 सारख्या जेट विमानाचा वरच्या उंचीवरचा वेग ताशी सुमारे 830 किलोमीटर असतो. त्या वेगाने 960 किलोमीटर कापायला एक तास दहा मिनिटे पुरतात. मग उरलेला अर्धा तास कोठे जातो? तिकिटावर छापलेली वेळ ही उड्डाणाची नसते, तर ज्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो त्याची असते. म्हणजे चाकांचे चॉक (विमान हलू नये म्हणून चाकांना लावलेले अडसर) काढून विमान जागेवरून हलते तेव्हापासून, पलीकडे थांबून चाकांना पुन्हा चॉक लागेपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे येते. वर चढताना वेग कमी असतो, खाली उतरताना तो आणखी कमी करत न्यावा लागतो, आणि लाँगइयरब्येनचा विमानतळ फियॉर्डच्या (जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या) काठी डोंगरांच्या सान्निध्यात असल्यामुळे उतरण्याची रांग धरताना थोडा वळसा पडतो. हिवाळ्यात ट्रॉम्सोला निघण्यापूर्वी पंखांवरचा बर्फ काढावा लागतो. पाळण्यासारख्या उंच गाडीतून माणूस गरम ग्लायकॉलचा फवारा पंखांवर मारतो, खिडकीबाहेर सगळीकडे वाफ होते, आणि त्यानंतर ठरावीक मिनिटांत विमान उडाले नाही तर तो फवारा पुन्हा मारावा लागतो. त्या सकाळी बर्फ पडत असेल आणि पुढे चार विमाने असतील, तर वेळापत्रकातली उसंत तिथेच संपते.

अंतर जितके कमी, तितका हा वरखर्च अधिक जाणवतो. लाँगइयरब्येन ते नी-ऑलेसुंड हे सरळ अंतर सुमारे 110 किलोमीटर, म्हणजे साताऱ्याहून पुण्याला रस्त्याने जितके पडते जवळपास तितकेच. त्या मार्गावर डॉर्निअर 228 जातीची दोन पंख्यांची छोटी विमाने वर्षानुवर्षे वापरली गेली आहेत (याच जातीची विमाने आपल्याकडे कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स बनवते). ताशी 370 ते 400 किलोमीटर वेगाने हे अंतर सतरा-अठरा मिनिटांचे असले तरी प्रवासाला पंचवीस मिनिटे ते अर्धा तास धरावा.

तथापि आपण विचारलेला खरा महत्त्वाचा प्रश्न विसंबून राहण्याचा आहे आणि त्याचे उत्तर वेगात नाही, पर्यायी विमानतळात आहे. प्रत्येक उड्डाणाच्या नियोजनात, ठरलेल्या ठिकाणी उतरता आले नाही तर कोठे जायचे, ते आधी ठरवून तेवढे इंधन भरावे लागते. पुण्यात उतरता आले नाही तर मुंबई हाकेच्या अंतरावर आहे. लाँगइयरब्येनच्या आसपास मात्र जेट विमानाला उतरता येईल असा दुसरा नागरी विमानतळच नाही. नी-ऑलेसुंडची धावपट्टी खडीची आणि जेमतेम 800 मीटरांची आहे. म्हणून पर्यायी विमानतळ नॉर्वेच्या मुख्य भूमीवरचा घ्यावा लागतो, आणि बहुतेकदा तो ट्रॉम्सोच असतो. याचा अर्थ असा की, विमान 960 किलोमीटर जाऊन, ढगांखाली धावपट्टी दिसली नाही म्हणून तेवढेच अंतर परत येऊ शकते आणि तीन-साडेतीन तासांनी प्रवासी निघाले त्याच ठिकाणी उतरतात. हे रोज घडत नाही, परंतु घडते, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. परतीचे इंधन घेऊनच ते विमान निघालेले असते. हवामानाचा अंदाज फारच वाईट असेल तर कंपनी उड्डाण आधीच पुढे ढकलते.

लाँगइयरब्येनचा विमानतळ 1975 मध्ये सुरू झाला आणि नियमित प्रवासी सेवा असलेला तो जगातील सर्वांत उत्तरेकडचा विमानतळ आहे. सुमारे अडीच किलोमीटर लांबीची त्याची धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेली असल्यामुळे, उन्हाळ्यात वरचा थर वितळला की ती खचते किंवा उंचसखल होते आणि तिची डागडुजी सतत करावी लागते. विमान उतरताना थोडे हिसके बसले तर पुतणीने त्याचे कारण भूशास्त्राच्या वहीत लिहून ठेवावे.

कृष्णाकाठ (सांगली)

कोयनाकाठ यांचे उत्तर वाचून राहवत नाही म्हणून एक भर घालतो. धाग्याला ती सोडून नाही. ट्रॉम्सो आणि लाँगइयरब्येन जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, त्यामुळे नकाशाने तेथे फक्त लांबी फुगवली, दिशा बिघडवली नाही. उत्तरेकडचे दोन विमानतळ जगाच्या दोन बाजूंना असतील तर दिशाही फसते. अलास्काच्या उत्तर टोकावरचे उत्कियाविक (2016 पर्यंत याचे अधिकृत नाव बॅरो होते) घ्यावे. सपाट नकाशात ते डाव्या कडेला आणि लाँगइयरब्येन मध्याच्या उजवीकडे दिसते, आणि दोहोंना जोडणारी रेषा ग्रीनलंड व कॅनडावरून आडवी जाते. त्या रेषेने गेल्यास प्रवास सुमारे 5,000 किलोमीटरांचा होतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तर मात्र तो उत्तर ध्रुवापासून साधारण 110 किलोमीटरवरून जातो आणि अंतर भरते सुमारे 3,400 किलोमीटर. जेट विमानाला हे साडेचार तासांचे काम आहे, परंतु या दोन ठिकाणांदरम्यान थेट प्रवासी सेवा नाही, त्यामुळे प्रत्यक्षात ओस्लो आणि अमेरिकेतली दोन-तीन शहरे फिरून जावे लागेल आणि अंतराचा हिशेबच निराळा होईल.

अलास्का ते स्वालबार्ड हा प्रवास विमानाने पहिल्यांदा केला तो ह्यूबर्ट विल्किन्स आणि वैमानिक कार्ल बेन आयेल्सन यांनी, एप्रिल 1928 मध्ये, एका इंजिनाच्या लॉकहीड व्हेगा विमानातून. बॅरोहून निघून वीस तासांहून थोड्या अधिक वेळात ते स्पिट्सबर्गनच्या (लाँगइयरब्येन ज्यावर आहे त्या स्वालबार्डमधील बेटाच्या) परिसरात पोहोचले, आणि वादळामुळे ठरलेल्या ठिकाणाच्या अलीकडेच एका निर्जन बेटावर उतरून त्यांना काही दिवस विमानातच काढावे लागले. त्यांच्याजवळ परतीचे इंधन नव्हते, हा कोयनाकाठ यांच्या मुद्द्याचा उलटा दाखला समजावा.

मिरजकर

ध्रुवीय संशोधनाच्या कामानिमित्त मी या मार्गाने गेलेलो आहे, म्हणून अंतराच्या पलीकडचे थोडे सांगतो. ते पुतणीला बहुधा माहीत असेल, पण घरच्यांना माहीत असलेले बरे.

स्वालबार्ड नॉर्वेच्या सार्वभौमत्वाखाली असले तरी शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे आपसांत सीमेवर पारपत्र न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. त्यामुळे ट्रॉम्सोहून निघताना पारपत्राची तपासणी होते. ओस्लोहून येणारे विमान ट्रॉम्सोला थांबले तर त्यातल्या प्रवाशांनाही उतरून या तपासणीतून जावे लागते. परत येणे म्हणजे शेंगेनमध्ये नव्याने प्रवेश करणे, म्हणून एकाच प्रवेशाच्या व्हिसावर गेलेला माणूस अडकतो. आपली पुतणी तेथे शिकत असल्यामुळे तिच्याजवळ नॉर्वेचा निवास परवाना असेल. ते कार्ड आणि पारपत्र दोन्ही हातातल्या पिशवीत असावेत, मोठ्या सामानात नकोत. तपासणीला लागणारा वेळ तिकिटावरच्या एक तास चाळीस मिनिटांत धरलेला नसतो, तेव्हा देशांतर्गत प्रवासासारखे अगदी शेवटच्या क्षणी विमानतळावर पोहोचू नये.

नी-ऑलेसुंड हे संशोधकांचे गाव आहे. भारताचे हिमाद्री हे केंद्र तेथे 1 जुलै 2008 पासून आहे. तेथे जाणाऱ्या छोट्या विमानात जागा मोजक्या असतात आणि सामानाच्या वजनाबाबत काटेकोरपणा असतो. जड बूट अंगावर घालून जाण्याची तेथे प्रथाच आहे म्हणा ना. उन्हाळ्यात समुद्रावरून धुके आले की हे पंचवीस मिनिटांचे उड्डाण अख्खा दिवस खोळंबते. विमानतळावरच्या बाकावर बसून आपण समोरचा डोंगर दिसतो की नाही ते पाहत राहतो, आणि तो दिसू लागला की लगेच हाक येते.

वहिनींसाठी एक सूचना. नी-ऑलेसुंडमध्ये भूमापनासाठी क्वेसारांकडून (अतिदूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी गाभ्यांकडून) येणाऱ्या क्षीण रेडिओ लहरी टिपणारी वेधशाळा आहे, म्हणून त्या परिसरात रेडिओ-शांतता पाळली जाते. तेथे मोबाइलचे नेटवर्क नाही. वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात. इंटरनेट मिळते ते तारेने जोडलेल्या संगणकावर. तेव्हा विमान उतरून तासभर झाला तरी मुलीचा संदेश का आला नाही, या काळजीने सातारा जागे राहू नये.

शाहूपुरीकर (सातारा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कृष्णाकाठ सरांनी सांगितलेला गुणाकार वहिनींनी स्वतः करून पाहिला आणि त्यांचे समाधान झाले. बंधू मात्र आता परतीच्या इंधनाविषयी विचारू लागले आहेत. एवढेच शेवटचे सांगावे: लाँगइयरब्येनला पोहोचल्यावर त्याच दिवशी तीन तासांनी नी-ऑलेसुंडचे विमान आहे. ते घ्यावे काय? आणि तिच्या पोहोचण्याच्या वेळेचा आपल्या घड्याळाशी मेळ कसा घालावा?

कोयनाकाठ (कराड, सध्या नोकरीनिमित्त परदेशी)

तीन तासांचा अवकाश कागदावर पुरेसा दिसतो, परंतु पहिले विमान ट्रॉम्सोला परतले तर तो अवकाश कितीही असून उपयोग नाही, आणि दुसऱ्या विमानाच्या फेऱ्या रोज नसतात. दोन्ही तिकिटे एकाच आरक्षणात नसतील तर पहिल्या कंपनीवर दुसऱ्या विमानाची जबाबदारी येत नाही. म्हणून मध्ये लाँगइयरब्येनला किमान एक रात्र ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यापीठ केंद्राच्या सहलीबरोबर ती जाणार असेल तर हे नियोजन तेच करतात. त्यांच्या पत्रात कोणती तारीख दिली आहे ती आधी पाहावी.

घड्याळाचे म्हणाल तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तेथील वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, उरलेल्या काळात साडेचार तास. जानेवारीत ती दुपारी एकला उतरली तर साताऱ्यात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतील. तेथे मात्र तेव्हा बाहेर अंधारच असेल, कारण ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य लाँगइयरब्येनला फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. बंधूंना सांगावे की विमानाला त्याने काही फरक पडत नाही. धावपट्टीवर दिवे असतात आणि अंदाज तपासल्याशिवाय कोणी ट्रॉम्सोहून निघत नाही.